इंजिन कोणत्या सालचं?

मी सांगलीचा सोनार. दुकान आता मुलगा बघतो, आणि मागच्या खोलीत माझी पितळेची इंजिनं चालू असतात. मागच्या अंकात ब्रिटिश वाफेच्या इंजिनांच्या मॉडेलवर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यांतल्या पाचांना इथं उत्तर देतो आहे. पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. इंजिनाचं नाव सगळे सांगतात, साल मात्र कुणी सांगत नाही. वाफेचं इंजिन चाळीस-चाळीस वर्षं राबायचं. तेवढ्या काळात त्याचा बॉयलर बदलायचा, धुराडं बदलायचं, नंबर आणि रंगही बदलायचा. मॉडेल करायचं तर त्यातलं एक साल पकडावं लागतं. बहुतेक प्रश्न तिथंच सुटतात.

प्रश्न : भाच्यानं मँचेस्टरहून माझ्या नातवाला ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चं मॉडेल पाठवलं आहे. हिरवा रंग, नंबर ४४७२. पण खोक्यातून दोन टेंडर (इंजिनामागचे कोळसा-पाण्याचे डबे) निघाली. एक चुकून आलं असेल का? नातू ते शाळेच्या प्रदर्शनात ठेवणार आहे आणि त्यानं पाटीही रंगवली आहे : ‘१९३४ – ताशी १०० मैल’. शिवाय घरच्या तीन फुटी फळीवर गोल रूळ मांडले, तर गाडी वळणावर घसरते. (एक आजोबा, कराड)

उत्तर : आजोबा, दुसरं टेंडर चुकून आलेलं नाही. ते खोक्यात परत ठेवू नका, कारण तुमच्या मॉडेलचं साल त्याच्यावरूनच ठरतं.

हे इंजिन १९२३ साली डॉनकास्टरच्या कारखान्यात तयार झालं. आराखडा नायजेल ग्रेस्ली यांचा. तेव्हा नंबर होता १४७२. पुढच्या वर्षी लंडनजवळ वेम्बलीला मोठं साम्राज्य प्रदर्शन भरलं, तिथं मांडताना त्याला ४४७२ हा नंबर आणि नाव मिळालं. १ मे १९२८ रोजी लंडन ते एडिंबरा ही ३९२ मैलांची, म्हणजे ६३० किलोमीटरची गाडी कुठंही न थांबता धावू लागली. उत्तरेकडं जाणारी पहिली गाडी याच इंजिनानं ओढली. सव्वाआठ तास एकाच ड्रायव्हरनं आणि फायरमननं राबायचं हे माणसाच्या कुवतीबाहेरचं. म्हणून ग्रेस्लींनी टेंडरच्या एका अंगानं आतून बोळ काढला. पाच फूट उंच, दीड फूट रुंद. दुसरी जोडी पहिल्या डब्यात विश्रांती घ्यायची आणि निम्म्या वाटेवर त्या बोळातून वाकून इंजिनावर यायची. तुमच्या मॉडेलचं पहिलं टेंडर उलटं धरून त्याची मागची बाजू बघा. डब्याच्या टोकाला असते तशी जोड-दाराची चौकट तिथं दिसेल. नातवाला ती आधी दाखवा. मुलांना आकड्यांपेक्षा असला बोळ जास्त लक्षात राहतो.

त्या टेंडरमध्ये ५,००० गॅलन पाणी मावायचं, आपल्या हिशेबानं साधारण २२,७०० लिटर. तेवढ्यावर एडिंबरा गाठता येत नाही. त्यासाठी वाटेत ठिकठिकाणी दोन रुळांच्या मधोमध पाण्याची लांब पन्हळ असायची. धावत्या गाडीतून फायरमन टेंडरखालचा पळा खाली सोडायचा आणि वेगाच्या जोरावर पाणी आपोआप टाकीत चढायचं.

आता दुसऱ्या टेंडरकडं येतो. जानेवारी १९६३ मध्ये इंजिन निवृत्त झालं. ॲलन पेग्लर नावाच्या गृहस्थांनी ते ३,००० पौंडांना विकत घेतलं आणि खास गाड्यांसाठी चालवायला सुरुवात केली. पण तोवर डिझेल आलं होतं. वाफेचं इंजिन नाही म्हटल्यावर पन्हळी उखडल्या गेल्या, स्टेशनांतले पाण्याचे खांबही गेले. इंजिन धडधाकट, पण पाणी कुठं भरायचं? म्हणून १९६६ साली पेग्लरांनी आणखी एक टेंडर घेतलं आणि ते फक्त पाण्यासाठी करून घेतलं, ६,००० गॅलनचं. दोन टेंडरांचं हे रूप त्या अडचणीतून आलेलं आहे. एका माणसानं स्वतःच्या पैशानं एक इंजिन चालतं ठेवलं, याची ती खूण आहे. मला तरी ती शंभर मैलांच्या वेगापेक्षा मोठी वाटते.

म्हणजे पाटीवरचं १९३४ चालणार नाही. प्रसंग खरा आहे. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी या इंजिनानं ताशी १०० मैलांचा, म्हणजे १६१ किलोमीटरचा वेग गाठला आणि मोजणीच्या डब्यातल्या यंत्रावर तो नोंदला गेला. पण त्या दिवशी मागं एकच टेंडर होतं. बरं, एक टेंडर काढून ठेवलं तरी भागत नाही. स्मोकबॉक्सच्या, म्हणजे धुराड्याखालच्या पुढच्या पेटीच्या, दोन्ही अंगांना, वरच्या बाजूला, एकेक आयताकृती पत्रा बसवलेला दिसतो का बघा. दिसला तर तो ‘ए-थ्री’ वर्गाचा बॉयलर. १९३४ साली हे इंजिन ‘ए-वन’ होतं, बॉयलरचा दाब चौरस इंचाला १८० पौंड. २२० पौंडांचा नवा बॉयलर बसून ते ‘ए-थ्री’ झालं जानेवारी १९४७ मध्ये, आणि तोवर नंबरही बदलून १०३ झाला होता. पुढं रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर ६०१०३. सफरचंदी हिरवा रंग, ४४७२ नंबर आणि ‘ए-थ्री’ बॉयलर, हे तिन्ही एकत्र आले ते पेग्लरांनी इंजिन घेतल्यानंतरच.

नातवाला नवी पाटी करू द्या : ‘फ्लाइंग स्कॉट्समन, १९६६ नंतरचं रूप. दुसरं टेंडर फक्त पाण्याचं.’ प्रदर्शनात कुणी विचारलं की दोन टेंडर का, तर पन्हळीपासून सगळं सांगता येईल त्याला. १९६९ मध्ये हे इंजिन अमेरिकेला गेलं. तिथल्या नियमांप्रमाणं पुढं गाई हटवायची जाळी, घंटा आणि मोठा दिवा बसवावा लागला. तुमच्या मॉडेलवर ते काही नसेल, तर साल १९६६ ते १९६९ च्या मधलं धरा.

घसरण्याचं कारण साधं आहे. एवढ्या लांब इंजिनाला निदान ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं वळण लागतं. व्यास झाला ८७६, त्यात रुळाखालच्या पट्टीची रुंदी धरली की तीन फुटांची, म्हणजे ९१४ मिलिमीटरची फळी भरून जाते आणि कडेला बोटभरही जागा उरत नाही. तुम्ही त्याहून लहान वळणाचे रूळ लावले असणार. चार फुटी प्लायवूड घ्या. विजेची काळजी नको. तिकडंही २३० व्होल्टच आहेत, फक्त त्यांचा चौकोनी पिनांचा प्लग आपल्या बोर्डात बसत नाही. साधा कन्व्हर्टर प्लग आणा. रुळांत जाते ती १२ व्होल्टची वीज, मुलांना धोका नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा आहे, त्यामुळे घरी गॅसची बत्ती, मुशी, चिमटे सगळं आहे. मला स्टीफन्सनचं ‘रॉकेट’ पितळेत करायचं आहे आणि ते खऱ्या वाफेवर चालवायचं आहे. पण एका फोटोत ते पिवळं दिसतं, सिलिंडर तिरके; दुसऱ्यात काळं आणि सिलिंडर जवळजवळ आडवे. खरं कोणतं? सोबत मापं मिळतील का? (एक विद्यार्थी, विटा)

उत्तर : बाळा, दोन्ही खरी. पिवळं आहे ते ऑक्टोबर १८२९ चं. लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वेसाठी इंजिन निवडायला रेनहिल इथं चाचण्या झाल्या, बक्षीस ५०० पौंड. ठरलेली सगळी अंतरं पुरी करून दाखवली ती एकट्या ‘रॉकेट’नं. त्या दिवशी बॉयलरवरच्या लाकडी पट्ट्या पिवळ्या होत्या, उंच धुराडं पांढरं होतं आणि सिलिंडर चांगलेच तिरके. पण तिरक्या सिलिंडरांच्या धक्क्यानं इंजिन डोलायचं. म्हणून थोड्याच काळात ते खाली, जवळजवळ आडवे बसवले. धुराडं आखूड झालं, त्याच्या खाली स्मोकबॉक्स आला. पुढं ते इंजिन एका कोळशाच्या लाइनवर राबलं आणि १८६२ साली लंडनच्या संग्रहालयाला मिळालं. आज जे अवशेष उरले आहेत ते या बदललेल्या रूपाचे. पिवळी दिसतात ती मागाहून केलेली प्रतिकृती इंजिनं. तुला रेनहिलचं करायचं असेल तर खऱ्या इंजिनाचा आजचा फोटो समोर ठेवून चालणार नाही. दोन्हींची सरमिसळ केलेली मॉडेलं मी पाहिली आहेत. काम देखणं असूनही ती डोळ्यांना खुपतात.

प्रमाण १:२० घे. हिशेब सोपा पडतो आणि तुझ्या बत्तीला झेपेल एवढे भाग होतात. बॉयलर ६ फूट लांब, ३ फूट ४ इंच व्यासाचा. तुझ्याकडं तो ९१ मिलिमीटर लांब आणि ५१ व्यासाचा होईल. पुढचं मोठं चाक ४ फूट ८½ इंचांचं, म्हणजे ७२ मिलिमीटर. मागचं लहान चाक अडीच फुटांचं, ३८ मिलिमीटर. सिलिंडरचा व्यास ८ इंच, तो १० मिलिमीटर. दट्ट्याची चाल १७ इंच, ती २१.६. चाकं मूळची लाकडी, वर लोखंडी धाव. तू सागवानाची कर. पितळेची चाकं चकाकतील, पण ती ‘रॉकेट’ची दिसणार नाहीत.

धुराड्याच्या टोकाला पाकळ्यांचा मुकुट आहे. तिथं सोनाराचा हात दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ०.४ मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी घे आणि लालसर होईपर्यंत तापवून मऊ कर. धुराड्याच्या घेराएवढी लांबी काढून पाकळ्या आखून घे. बारीक करवतीनं पाकळ्यांमधली जागा काप आणि कडा मासोळी कानशीनं घास. पाकळ्या वळवायची घाई करू नकोस. आधी पट्टी गोल करून तिचा सांधा झाळ, आणि मगच एकेक पाकळी चिमट्यानं बाहेर वळव. आधी वळवल्या तर बत्तीखाली त्या पुन्हा हलतात आणि मुकुट कलतो. झाळकामाचा क्रमही दुकानातलाच : पहिल्या सांध्याला उशिरा वितळणारी झाळ, शेवटच्याला लवकर वितळणारी. नाहीतर दुसरा सांधा करताना पहिला सुटतो. झाळ कॅडमियम नसलेलीच घे. ‘केडीएम’ का बंद झालं हे घरी वडिलांना विचार. तो धूर फुप्फुसात बसतो.

आता वाफेचं. इथं मी तुला थांबवणार आहे, आणि कारण पूर्ण ऐकून घे. ‘रॉकेट’चं मोठेपण होतं त्याच्या बॉयलरमधल्या नळ्यांत. तीन-तीन इंच व्यासाच्या २५ तांब्याच्या नळ्यांतून भट्टीची धग पाण्यामधून जायची. हेन्री बूथ यांनी सुचवलेली ही कल्पना. त्याआधी बहुतेक इंजिनांत एखाद-दुसरी मोठी नळी असायची आणि निम्मी धग धुराड्यातून वाया जायची. तुला वाटेल, १:२० मध्ये ३.८ मिलिमीटरच्या २५ नळ्या घालू. तसं केलंस तर बॉयलर चालणार नाही. नळी एवढी बारीक झाली की धूर तिच्यातून ओढलाच जात नाही. धातूचा आकार लहान करता येतो, आगीचा आणि पाण्याचा स्वभाव लहान करता येत नाही. चालणारा छोटा बॉयलर करणारे लोक नळ्या कमी आणि जाड घेतात.

दुसरं, मूळ इंजिनाचा दाब चौरस इंचाला ५० पौंडांच्या आसपास होता. त्या दाबाला वाफेचं तापमान १५० अंश सेल्सिअसच्या जवळ जातं. रेडिओ दुरुस्तीची कथलाची झाळ १८३ अंशांच्या पुढं पातळ होते. पाणी जरा कमी पडलं, की उघड्या पत्र्याचं तापमान झपाट्यानं चढतं आणि सांधा सुटतो. म्हणून बॉयलरचा सगळा सांधा चांदीच्या झाळीचा लागतो, ६०० अंशांच्या पुढं वितळणाऱ्या. शिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, आणि आग लावण्याआधी नुसत्या पाण्यानं दुप्पट दाबाची चाचणी. हे सगळं जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच. तुझ्या हातात कौशल्य आहे हे पत्रातूनच कळतं, त्यामुळंच हे आग्रहानं सांगतो.

यंदा बॉयलर पोकळ ठेव आणि इंजिन हवेवर चालव. सायकलच्या पंपाला लहान टाकी जोडलीस, तर दोन सिलिंडर फिरवायला तेवढा दाब पुरतो. दट्ट्या, झडप, चाकाची वेळ हे सगळं हवेवरही तितकंच शिकायला मिळतं. वाफेचा बॉयलर पुढं तांब्यात वेगळा कर, त्या वेळी मी मदतीला आहे.

प्रश्न : यजमानांनी माडीवर ब्रिटिश गाड्यांचा मोठा पसारा मांडला आहे. उन्हाळ्यात गाड्या छान धावतात, पावसाळा लागला की अडखळतात, दिवे लुकलुकतात. पॉलिश पेपरनं रूळ घासले तर चार दिवस बरं वाटतं, मग पहिल्यापेक्षा वाईट. (एक गृहिणी, सातारा)

उत्तर : ताई, पॉलिश पेपर आधी फेकून द्या. त्यानं रुळावर बारीक चरे पडतात आणि मळ त्यांतच जाऊन बसतो. वीज रुळातून चाकात आणि चाकातून मोटारीत जाते, मध्ये मळाचा पापुद्रा आला की गाडी अडखळते. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. सुती कापडावर घेऊन रूळ पुसा. आग आणि उदबत्ती लांब ठेवा, खिडकी उघडी ठेवा. मग चाकंही तशीच पुसा, कारण निम्मा मळ चाकांवर असतो आणि तो विसरला जातो. तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच, आणि ते आसालाच. रुळावर तेल पडलं की त्यावर धूळ चिकटते. आमच्या सांगलीत हळदीच्या मोसमात हवेत इतकी बारीक पूड असते की माझे रूळ दर आठवड्याला पिवळे पडतात. साताऱ्यात तो त्रास नसेल, पण तुमच्याकडचा पाऊस आमच्यापेक्षा जोराचा. माडीवर कौलं असतील तर गाड्या रात्री झाकणाच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

प्रश्न : आजोबांची चावीची पत्र्याची गाडी २०१९ च्या महापुरात पेटीसकट बुडाली. वर ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ लिहिलं आहे. गंज आला आहे आणि मोठ्या चाकांची एक जोडी गायब आहे. चित्रांत प्रत्येक बाजूला तीन मोठी चाकं दिसतात, आमच्याकडं दोनच. पुन्हा रंगवून, जोडी बसवून चालू करावी म्हणतो. (एक वाचक, हरभट रोड, सांगली)

उत्तर : चाकं गायब झालेली नाहीत. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्यानं १९२० पासून चावीच्या गाड्या काढल्या. १९२७ पासून ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे नाव ज्या खेळण्यावर आलं, त्याला मुळातच मोठी चाकं दोन-दोन होती. खऱ्या इंजिनाला तीन-तीन. मुलांच्या खोलीतल्या अरुंद वळणावर धावायला हवी म्हणून तशी केली असावी असा माझा समज. तुम्ही तिसरी जोडी बसवली तर गाडी खऱ्या इंजिनासारखी होणार नाही, आणि आजोबांचीही राहणार नाही.

रंगवूही नका. मऊ ब्रशनं सुका चिखल झाडा. गंजावर सुती बोळ्यानं हलकं मशीन ऑइल लावून दिवसभर ठेवा, मग पुसून घ्या. नक्षीचा रंग किती टिकतो ते आधी तळाला बघा. चावी फिरवू नका. गंजलेली स्प्रिंग ताणाखाली तुटली तर बोट कापते. घड्याळजीकडून ती सोडवून घ्या. चाकांना भेगा दिसत असतील तर पुराला दोष देऊ नका. त्या काळच्या जस्ताच्या ओतकामात शिशाची भेसळ राहिली की धातू आतूनच फुगतो आणि भुगा होतो. त्याला उपाय नाही. चाकं बदलावी लागतात. बदललेली जुनी चाकं कागदात गुंडाळून, वर तारीख घालून पेटीतच ठेवा.

प्रश्न : तुमचा लेख मन लावून वाचला, पण एक सल राहिली. मिरजेत राहून साहेबाच्या देशातली इंजिनं कशाला करायची? आपली नॅरोगेज लहानपणी डोळ्यांसमोरून जायची. तिचं मॉडेल कुणी करत नाही. (एक निवृत्त शिक्षक, मिरज)

उत्तर : गुरुजी, तुमची सल मला मान्य आहे, आणि मी तुमच्याच बाजूला आहे. आरग, कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड करत पंढरपूरला जाणाऱ्या त्या गाडीतून आई मला एकादशीला न्यायची. इंजिनाच्या निखाऱ्याचे कण डोळ्यांत जायचे म्हणून ती पदर धरायची.

त्या लाइनचा आणि इंग्लंडमधल्या एका विसरलेल्या इंजिनाचा कर्ता एकच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे इंजिनिअर १८८२ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नोकरीत इकडं आले. स्वस्तात, हलक्या रुळांवर, अडीच फुटी म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची रेल्वे चांगली चालू शकते, हा त्यांचा ध्यास. त्यांचा हिशेब चाकाच्या एका आसावर पडणाऱ्या वजनाचा होता. ते सगळीकडं पाच टनांच्या आत सारखं ठेवलं, तर हलके रूळही भार पेलतात. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली, आठ चालकी चाकांची. इकडं पाठवण्याआधी त्यांची चाचणी लीड्सजवळच घेतली होती. १९२७ मध्ये ही लाइन आपल्या मिरजेपर्यंत आली.

बार्शीत जे जमलं तेच कॅलथ्रॉपनी मग इंग्लंडमध्ये नेलं. स्टॅफर्डशायरच्या डोंगरात १९०४ साली लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे सुरू झाली. तीच अडीच फुटी रुंदी, तोच किटसन कारखाना, अवघी दोन इंजिनं. एकाचं नाव ‘ई. आर. कॅलथ्रॉप’, दुसऱ्याचं ‘जे. बी. अर्ल’. इंग्लंडच्या त्या चिमुकल्या लाइनवर सुरुवातीला इंजिनांच्या कपाळावर आपल्याकडं असायचा तसला भला मोठा दिवा होता! नऊ मैलांच्याही आतली ती लाइन १९३४ साली बंद पडली आणि दोन्ही इंजिनं भंगारात गेली. आज त्यांतलं एकही उरलेलं नाही, लाइनच्या जागी पायवाट आहे. कॅलथ्रॉपनी पुढं वैमानिकांसाठी हवाई छत्रीही तयार केली, पण तो वेगळा विषय.

म्हणून मी म्हणतो, मिरजेच्या माणसानं ‘ई. आर. कॅलथ्रॉप’ केलं तर ते परक्याचं काम होत नाही. ज्या रेल्वेवर इंग्लंडनं आपल्या बार्शीकडून धडा घेतला, तिचंच ते इंजिन. ते करता करता हात बसला, की त्याच अडीच फुटी रुळांवर बार्शी लाइटचं किटसन उभं करा. दोन्ही शेजारी ठेवली की कुणी कुणाकडून काय घेतलं हे न सांगताच दिसेल.

प्रमाणाचा प्रश्न येईल. ब्रिटिश मॉडेल बहुतेक फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६ या प्रमाणात असतात. त्या हिशेबानं अडीच फुटी रूळ नेमके १० मिलिमीटर पडतात. बाजारात ९ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात, आणि नॅरोगेज करणारे जवळजवळ सगळे तेच वापरतात. एक मिलिमीटरचा फरक चालवून घ्यावा, कारण त्या मापाची तयार मोटार आणि चाकंही सहज मिळतात. मोठ्या लाइनच्या मॉडेलांतही तसंच चालत आलं आहे. खऱ्या १४३५ मिलिमीटरला १:७६ मध्ये १८.८३ मिलिमीटर रूळ हवेत, पण तयार गाड्या १६.५ च्या रुळांवरच धावतात.

साल १९०४ धरा, म्हणजे कपाळावरचा दिवा करता येईल. १९२३ नंतर ती लाइन एलएमएस या मोठ्या रेल्वे कंपनीत गेली आणि गाड्यांवरची अक्षरंही बदलली, ती भानगड नको. सुरुवात इंजिनापासून करू नका. आधी डबा करा. सपाट पत्रा, सरळ कापणी, हाताला सवय होते. त्यानंतर पाण्याच्या बाजूच्या टाक्या, मग केबिन, आणि बॉयलर सगळ्यांत शेवटी. सांगलीला आलात तर संध्याकाळी चारनंतर या. ०.४ चा पितळी पत्रा माझ्याकडं शिल्लक आहे, पहिल्या डब्यापुरता घेऊन जा.